साळवेबाईंनी खोडलेला शब्द

गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालत होते. पलीकडे प्रज्ञा होती, सुजाताच्या धाकट्या भावाची मुलगी. गेली दोन वर्षं ती बारामतीत आत्याजवळ राहून तिचं सगळं बघत होती. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. मग बराच वेळ आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही. तिच्या मागे कुठल्या तरी घरातली पाण्याची मोटर चालू होती. ती बंद झाली तेव्हा मला भान आलं... आदल्या संध्याकाळीच मी सुजाताच्या उशाशी बसून आले होते. तिनं आज वार कोणता म्हणून विचारलं. बुधवार म्हटल्यावर म्हणाली, "मग उद्या तुझा उपास. जा आता, साबुदाणा भिजत घाल." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. साबुदाणा मी भिजत घातला होता. तो तसाच दोन दिवस ओट्यावर राहिला.

तिला जाऊन आता सात आठवडे झाले. सुजाता साळवे म्हणजे बारामतीतल्या आमच्या शाळेतल्या साळवेबाई. मराठी आणि संस्कृत शिकवायच्या. मी जगतापबाई, भूगोल शिकवायचे. तीस वर्षं आम्ही एकमेकींना आडनावापुढे 'बाई' लावूनच हाक मारली, 'अहो' म्हणूनच बोललो. एकमेकींच्या घरी जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो, तरी ते सुटलं नाही. लिहिताना मात्र 'ती' असंच येतंय. या लेखात तिला आणखीही पुष्कळ खोडायला सापडलं असतं. माझं काही छापून यायचं असलं की आधी तिच्याकडे जायचं, आणि परत यायचं तेव्हा कडेची समासाची जागा लाल झालेली असायची. हा लेख पहिलाच, जो तिच्या हाताखालून गेलेला नाही.

ती मूळची निमगाव केतकीची. तिच्या आजोबांनी छप्पन सालानंतर बौद्ध धर्म स्वीकारला. वडील कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे पाळी आली की चारीचं दार उघडून शेतांना पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं काम. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणत आले. मुलीला संस्कृत घ्यायचं आहे हे ऐकल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की ते शिकायला कुणाची परवानगी लागते का. नाही लागत म्हटल्यावर म्हणाले, मग शिक की. पुढं ती पुण्यात राहून पालीही शिकली, आणि आमच्या शाळेत रुजू झाली.

तिच्या पहिल्याच वर्षी चार-पाच पालक मुख्याध्यापकांकडे आले. संस्कृतचा तास दुसऱ्या कुणाकडे देता येईल का, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण कुणी उघड सांगितलं नाही. उच्चारांचा प्रश्न आहे, एवढंच सगळे घोळवून घोळवून बोलत होते. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी सुजाताला बोलावून काही दिवस फक्त मराठी घ्यायला सुचवलं. त्या खोलीत मीही होते, वेळापत्रकाचं काम माझ्याकडे होतं म्हणून. मी कागदावरची मान वर केली नाही. सुजातानं शांतपणे सांगितलं की पालकांनी उद्याच्या तासाला मागच्या बाकांवर येऊन बसावं, एक चूक जरी सापडली तरी मी स्वतः तास सोडीन. ते आले, बसले. पाऊण तास तिनं नववीच्या वर्गाला धातुरूपं शिकवली. चूक सापडली नाही. त्यातल्या एकानं तर बाहेर पडताना तिला नमस्कार केला. सगळे गेल्यावर ती स्टाफरूममध्ये आली आणि माठातलं पाणी घेताना तिच्या हातातल्या पेल्यातलं अर्धं पाणी साडीवर सांडलं. मी रुमाल पुढे केला. तो घेत ती म्हणाली, "जगतापबाई, एखादी चूक झाली असती तर? माणसाला कधीमधी चुकायची तरी मोकळीक हवी ना." आदल्या दिवशी मी गप्प बसले होते, त्याबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. मीही नाही. पण आमची मैत्री त्या सांडलेल्या पाण्यापासून सुरू झाली हे खरं.

ज्या शब्दाबद्दल मला लिहायचं आहे तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. शाळेची जुनी इमारत दुरुस्त झाली, नवी फरशी बसली, रंग लागला. कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका मी लिहिली. त्यात 'शाळेच्या इमारतीचा कायाकल्प' असं मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. पत्रिका तिच्याकडून परत आली, आणि त्या शब्दावर आडवी लाल रेघ. मी चिडले. रोजच्या वर्तमानपत्रात बसस्थानकाचा कायाकल्प होतो, बागेचा होतो, मग शाळेचाच का नाही, असं मी मधल्या सुट्टीत तिला विचारलं. तिनं डबा बाजूला ठेवला आणि मला समोर बसवून एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं सांगितलं. तुम्हाला म्हणायचं आहे तो शब्द कायापालट. रूप बदललं, ओळखू येईना इतकं बदललं, की कायापालट. तो घराचाही होतो, गावाचाही होतो, कुणी बाहेरचाही करून देतो. कायाकल्प निराळा. तो आयुर्वेदातला शब्द, आणि तो जिवंत देहाचाच होतो. काया हा शब्द 'काय'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'चि' धातू आहे, चि म्हणजे गोळा करणं, रचणं. पालीतही काय म्हणजे समूह, ढीग. आपलं शरीर म्हणजे वेचून वेचून गोळा केलेला एक ढीग. आणि कल्प म्हणजे विधी, ठरलेली रीत. संकल्प, विकल्प, कल्पना ही सगळी त्याच घरातली भावंडं. तेव्हा जुन्या झालेल्या देहाला नेमानं, पथ्यानं, ठरल्या रीतीनं पुन्हा तरुण करायचं, तो कायाकल्प. "पालट होतो जगतापबाई," ती म्हणाली, "कल्प सोसावा लागतो. तुमच्या इमारतीनं काय सोसलं?"

मी पत्रिकेत 'नूतनीकरण' लिहिलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, तीच माझ्या दारात उभी राहिली आणि मला निमगावला घेऊन गेली. तिच्या घरामागं आबांची पेरूची चाळीसेक झाडं होती. फळ बारीक यायला लागलं म्हणून धाकट्या मुलानं ती काढून टाकायची ठरवली होती, आणि आबा अडून बसले होते. माझ्यासमोरच त्यांनी मुलाला सांगितलं, "झाड म्हातारं न्हाय झालं, दमलंय. छाटून बग, मग बोल." त्याच आठवड्यात त्यांनी एकेक झाड कमरेइतकं ठेवून कापून काढलं. बघवत नव्हतं, नुसते खुंट उभे. दीड-दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा प्रत्येक खुंटाला तांबूस कोवळी पानं फुटली होती. आबा खुंटावरून हात फिरवत म्हणाले, "पालवलं." परतताना एसटीत सुजाता खूश होती. म्हणाली, आपण संस्कृत घेऊन बसतो, आणि आबांकडे या सगळ्याला एकच क्रियापद आहे.

अशी आमची वर्षं गेली. तिनं लग्न केलं नाही. एकदा ठरलं होतं, पण मुलाकडच्यांनी नोकरी सोडायची अट घातली आणि तिनं नकार दिला, एवढंच मला माहीत. आई लवकर गेली होती. तेव्हा आबा बारा दिवस अन्नाला शिवले नव्हते, ही गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. तिच्या डोळ्यांपुढून ते दिवस कधी हललेच नाहीत, आणि पुढं जे झालं ते बरंचसं त्यापायी झालं असं मला वाटतं.

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत तिच्या छातीत गाठ सापडली. पुण्याच्या एका रुग्णालयात उपचार ठरले. मीही तोवर निवृत्त झाले होते, आणि माझे यजमान बँकेतून निवृत्त होऊन घरीच होते, त्यामुळे मी मोकळी होते. प्रत्येक खेपेला मी तिच्याबरोबर जायचे. पहिल्या दिवशी आम्ही लांबलचक गल्लीतून चालत गेलो आणि ती एका दारापाशी थांबली. दारावर पाटी होती, 'रसायनोपचार विभाग'. ती पाटीकडे बघत राहिली. मला वाटलं, घाबरली. पण तिला हसू येत होतं. रसायन म्हणजे आपल्याकडे खत नाहीतर औषधफवारणी, ती म्हणाली, पण आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण मागं सारणारा उपचार. कायाकल्प ज्यानं करतात ते रसायन. "या लोकांनी नकळत किती जुना शब्द दारावर लावलाय." मग ती आत गेली. पहिली सुई टोचली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मंदा, तू जाऊ नकोस." तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, नाही जात सुजाता. त्यानंतर आम्ही एकमेकींना कधी 'बाई' म्हटलं नाही.

ते सहा-सात महिने फार वाईट गेले. तोंडात फोड, हातापायांची आग, भाताचा वासही सहन होईना. केस पहिल्या पंधरवड्यातच गेले. तिचे केस मोठे नव्हते, पण दाट होते. एके सकाळी उशीवर त्यांचा थर दिसला. उशीचा अभ्रा काढून तसाच गुंडाळून तिनं प्रज्ञाच्या हातात दिला. उजेड डोळ्यांना टोचायचा म्हणून मागच्या खोलीचे पडदे ओढलेले असायचे. ती तिथं पडून असायची आणि मी दाराशी खुर्ची घेऊन तिला काहीबाही वाचून दाखवायचे. आबांना आम्ही खरं सांगितलं होतं, तेव्हा लपवलं नव्हतं. ते दर आठवड्याला निमगावहून यायचे, दारातच चपला काढून उभे राहायचे, लेकीकडे बघायचे आणि तासाभरात परत जायचे. जेवायला कधी थांबले नाहीत.

मग उपचार संपले. तपासण्या ठीक आल्या. आणि हळूहळू केस उगवले, पूर्वीसारखे सरळ नाही तर बारीक कुरळे आणि काळेभोर. पूर्वी कानशिलांवर पांढरे होते, तेही काळे. तिची ती नवी चर्या पाहून आम्हालाच नवल वाटायचं. निमगावला घेऊन गेलो त्या दिवशी आबांनी तिला अंगणात ऊन पडलं होतं तिथं बसवलं. मुलगी मोठी झाल्यापासून त्यांनी बहुधा तिच्या डोक्याला हात लावला नसेल. त्या दिवशी त्यांनी तळहात तिच्या डोक्यावर ठेवला, केसांवरून फिरवला आणि म्हणाले, "डोस्कं पालवलं की गं." सुजातानं मान खाली घातली. तिच्या गुडघ्यावर पाण्याचे थेंब पडताना मी पाहिले.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी सात आठवडे थांबले होते. त्या वर्षी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तिचा सत्कार ठरवला. सभागृह भरलं होतं. ती मोरपंखी साडीत व्यासपीठावर बसलेली, नवे कुरळे केस, अंगावर थोडं मांस धरलेलं. मैत्रीण म्हणून मला बोलायचं होतं. मी मुद्दाम तो शब्द राखून ठेवला होता. इमारतीची पत्रिका, लाल रेघ, दोन दिवसांचा अबोला, सगळं सांगून मी शेवटी म्हटलं की साळवेबाईंनी तेव्हा माझा शब्द खोडला, पण आज मी तो पुन्हा वापरणार आहे आणि आज त्यांना तो खोडता येणार नाही, कारण हा खरोखरच कायाकल्प आहे. सोसून झालेला. टाळ्या बराच वेळ चालल्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि तिनं हात जोडले. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्याला तिच्याकडून पैकीच्या पैकी मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला घरी बोलावलं. प्रज्ञाला बाजारात पाठवलं होतं. पलंगावर एक पाकीट होतं, त्यात अहवाल. तारीख सत्काराच्या आठ दिवस आधीची. आजार परतला होता, हाडांत उतरला होता. पुन्हा रसायनं घेतली तर काही महिने जास्त मिळतील, पण ते रुग्णालयातच जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिनं नको म्हणून सांगून टाकलं होतं. मी ते कागद हातात घेऊन उभी होते आणि मला कालच्या टाळ्या ऐकू येत होत्या. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, आठ दिवस तुला माहीत होतं तर मला अडवलं का नाहीस, सगळ्या गावासमोर मला तसं बोलू का दिलंस. ती म्हणाली, "तू इतकी आनंदात होतीस. आणि खरं सांगू... मला ऐकायचं होतं, ते एकदा कुणीतरी म्हटलेलं."

मी खाली बसले आणि रडले. ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं मला ते सांगितलं जे मधल्या सुट्टीत सांगायचं राहिलं होतं. कायाकल्पासाठी जुन्या वैद्यांनी एक कुटी सांगितली आहे. खोलीच्या आत खोली आणि तिच्याही आत तिसरी. वारा लागू नये, ऊन येऊ नये, आवाज पोचू नये. म्हाताऱ्या माणसानं शुभ दिवस पाहून त्या सगळ्यात आतल्या खोलीत जायचं आणि सांगितलेले दिवस रसायन घेत राहायचं. जुने केस, नखं, दात गळून जातात आणि नवे येतात, मग तरुण होऊन बाहेर यायचं. "सगळं तपशीलवार दिलंय बघ," ती म्हणाली. "दार कुठल्या दिशेला, काय खायचं, किती दिवस. फक्त आत गेले आणि बाहेर आले नाहीत, अशांबद्दल कुणी ओळभरही लिहिलेलं नाही. तशी माणसं झालीच असतील ना मंदा?" झालीच असतील, मी म्हटलं. मग तिनं माझ्याकडून वचन घेतलं, की आबांना यातलं काही कळता कामा नये. एकदा त्यांनी पाहिलंय, पुन्हा नाही बघू शकणार. ते पंच्याऐंशीच्या पुढचे, पुन्हा अन्न सोडतील. मी वचन दिलं. ते चूक होतं की बरोबर, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. तिला त्या घडीला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं.

मग पुढचे पाच महिने आम्ही दोघी एक नाटक करत राहिलो. एकाआड एक रविवारी निमगावला जायचं. निघायच्या आधी ती गोळी घ्यायची, गालांना जराशी पावडर लावायची, जाड खणाचं पोलकं घालायची म्हणजे हाडं दिसायची नाहीत. वाटेतलं पिंपळी गाव ओलांडेपर्यंत ती बरी असायची. पुढं रस्त्याचा प्रत्येक धक्का तिच्या चेहऱ्यावर दिसायचा. आबा बागेतले निवडक पेरू काढून ठेवायचे, स्वतः चिरून मीठ लावून द्यायचे. ती खायची, मीही खायचे, आणि आबा समाधानानं बघत बसायचे. परतीच्या वाटेवर अंथुर्णे आलं की आम्ही उतरायचो. थांब्यामागच्या भिंतीला टेकून ती सगळं ओकून टाकायची. मी तिची पाठ धरून उभी राहायचे. मग तोंड धुऊन पुढची एसटी. शेवटच्या खेपेला तिला उतरताना पायरी सापडेना. त्यानंतर आम्ही आबांना सांगितलं की सुजाता पुण्याला एका अभ्यासवर्गाला गेली आहे. ते म्हणाले, "बरं झालं. आता कामाला लागली म्हंजे बरी झाली."

त्या गुरुवारी आबांना सांगायला मीच गेले. मी येईपर्यंत आबांना काही सांगू नका, असं प्रज्ञाच्या वडिलांना मी फोनवर बजावलं होतं. ते बारामतीला निघाले आणि मी उलट दिशेनं निमगावला. आबा पडवीत पेरूच्या टोपल्यांवर पोतं अंथरत होते. मला एकटीला पाहून त्यांनी आधी मागं रस्त्याकडे नजर टाकली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आजार परत आला हुता व्हय?" मी हो म्हटलं. "तुमाला कवापासनं म्हाईत हुतं?" मी सांगितलं, पाच महिन्यांपासून. आबांनी पोत्याचं टोक हातातून सोडलं.

"आन तुमी हितं बसून पेरू खाल्ला," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. संध्याकाळी निमगावच्या स्मशानभूमीत त्रिसरण-पंचशील म्हणून तिला निरोप दिला. शेकडो विद्यार्थी आले होते. आबा एका दगडावर बसून होते, त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशीही नाही. त्या घराचं दार आपल्याला बंद झालं असं मी धरून चालले. दोन वेळा एसटी स्टँडपर्यंत गेले आणि परत आले.

पाचव्या रविवारी मात्र मी गेलेच. आबा पडवीतच होते. खाटेवर सुजाताची दुलई घडी घालून ठेवलेली होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. त्यांनी मला बस म्हटलं नाही, पण हातानं एक पाट सरकवला. मग म्हणाले, पहिल्यापासनं सांगा. म्हणून मी सांगितलं. काही गाळलं नाही. अहवालाचं पाकीट, सत्कार, पावडर, गोळ्या, अंथुर्ण्याची भिंत. ते मध्येच थांबवून लहानसहान गोष्टी विचारत होते. खोलीला खिडकी होती का. झोप यायची का. शेवटी फार दुखलं का. दुखलं, मी म्हटलं. कुणाला हाक मारत होती का, त्यांनी विचारलं. शेवटच्या दोन रात्री ग्लानीत ती "आबा, पानी सोडा" म्हणत होती, असं प्रज्ञानं मला सांगितलं होतं. तेही मी सांगितलं. आबांचा चेहरा मोडला. चारीवर ती लहानपणी त्यांच्याबरोबर जायची, एवढंच ते कसंबसं बोलले. मग डोळे पुसून म्हणाले, "तिला वाटलं बापाला सोसणार न्हाय. आवो, म्या सोसलं असतं. तिच्यासंगं रडलो तरी असतो. आता एकट्यानं रडावं लागतंय."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली; ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. निघायला उठले तेव्हा मात्र त्यांनी कोनाड्यातलं त्या दिवसाचं वर्तमानपत्र काढून माझ्यापुढं धरलं. रविवारी आली की ती मला वाचून दाखवायची, म्हणाले. आबा अंगणात वाचन ऐकायचे तेव्हा मी आतल्या घरात प्रज्ञाच्या आईशी बोलत असायचे, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं. मी पहिलं पान वाचायला घेतलं. कुठल्याशा गावात पावसाळ्यापूर्वी ओढ्याचं काम व्हावं, अशी लोकांची मागणी होती, वर्षानुवर्षांची. मी भरभर वाचत होते. आबांनी हात वर केला.

"ती असं न्हाय म्हनायची," ते म्हणाले. "वर्षाचा 'ष' निराळा हाय. जीब वर न्यायला लागती. मला येत न्हाय, पन ऐकू येतं."

मी जीभ टाळूकडं नेली आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आबांनी डोळे मिटून घेतले होते. तेव्हापासून दर रविवारी मी जाते, आणि सावकाश वाचते.